लाकडाच्या सांध्यांची शीट आणि तिच्यातून उभी राहिलेली वेबसाईट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजापूर, देवगड, मालवण, कुडाळ या पट्ट्यातल्या मेस्त्रींकडून पाहिलेले, ऐकलेले लाकडाचे सांधे आम्ही आधी एका शीटमध्ये (एक्सेलसारख्या तक्त्यात) भरले आणि त्या शीटपासून वेबसाईट बनवली. तसंच काहीतरी आपल्या गावासाठी करायचं म्हणून बरेच जण फोन करतात. त्यात आयटीआयचे शिक्षक असतात, आर्किटेक्चर शिकणारी मुलं असतात, गावचं घर दुरुस्तीला काढलेले चाकरमानीही असतात. त्यांचे नेहमीचे प्रश्न आणि आमची उत्तरं खाली दिली आहेत.

सांधे मेस्त्रींच्या हातात आहेतच. मग लिहून कशाला ठेवायचे?

सांधा बाहेरून दिसत नाही, तो लाकडाच्या पोटात असतो. जुनं कौलारू घर उतरवताना तो अर्धा दिवस उघडा पडतो आणि दुपारी टेम्पो आला की लाकूड निघून जातं.

राजापूरकडच्या एका घराचा बहाल (मोठी तुळई) असा उतरवताना मी उभा होतो. टोकाचं कुसू, म्हणजे खांबाच्या भोकात बसणारी जीभ, बाहेर आलं. त्यावर रंध्याचा हात नव्हता, वाकसाचे (लाकूड तासायच्या हत्याराचे) घाव जसेच्या तसे होते. बांबूची खुंटी वाकून अडकली होती. मेस्त्रींनी ती ठोकून काढली आणि खांबातलं भोक व कुसूतलं भोक शेजारी धरून दाखवलं. दोन्ही एका रेषेत नव्हती. कुसूतलं भोक अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) खांद्याच्या, म्हणजे कुसूच्या बुडाशी असलेल्या पायरीच्या, बाजूला सरकवलं होतं. खुंटी ठोकली की ती कुसूला आत ओढते आणि खांदा खांबाला घट्ट चिकटतो. सरस नाही, खिळा नाही, लाकूड वाळलं तरी पकड सुटत नाही. हे मी तोवर फक्त वाचलं होतं. तो खांब नंतर कुठे गेला माहीत नाही. माझ्याकडे तीन फोटो, एक माप आणि शीटमधली एक ओळ आहे.

वेबसाईटच करायची होती, तर आधी शीट का?

सुरुवातीला आम्ही प्रत्येक सांध्याचं वेगळं पान लिहीत होतो. एका अवजाराचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला सगळी पानं उघडावी लागली आणि तरी दोन राहिलीच. शीटमध्ये तीच दुरुस्ती एका घरात (चौकोनात) होते आणि पानं पुन्हा नव्याने तयार होतात. दुसरं कारण माणसांचं. मेस्त्रींचा मुलगा फोनवर शीट उघडून ओळ भरू शकतो. त्याला वेबसाईटचं काही शिकवावं लागत नाही.

शीटमध्ये रकाने कोणते ठेवावेत?

इथे घाई करू नका. रकाने चुकले तर पुढचं सगळंच वाकडं बसतं.

आमच्या शीटला चार टॅब आहेत : सांधे, नावे, लाकूड आणि पाहिलेले. 'सांधे' या टॅबमध्ये एका सांध्याला एकच ओळ. तिच्यात क्रमांक, मुख्य नाव, लाकडं कशी भेटतात (लांबीत, काटकोनात, फुलीत की कडेला कड), कशासाठी वापरतात, कोणता जोर सोसतो (ओढ, दाब की पीळ), सुटा करता येतो का, प्रमाण, अवजारं. भरलेली ओळ अशी दिसते (साल म्हणजे कुसू बसायचं भोक, किंकरं म्हणजे पटाशी) :

सां-०१४, आरपार साल-कुसू, काटकोनात, दाराची चौकट, ओढ व पीळ, खुंटी काढल्यास सुटतो, कुसू जाडीच्या १/३, किंकरं व करवत व गेज

क्रमांकाला 'सां-' असं अक्षर जोडलं आहे ते मुद्दाम. नुसतं ०१४ लिहिलं तर शीट पुढचं शून्य खाते, १४ उरतात आणि मग फोटोचं नाव जुळत नाही.

'कठीणपणा : सोपा, मध्यम, अवघड' असा रकाना आम्ही ठेवला होता, तो काढून टाकला. ज्याने आयुष्यभर चौकटी केल्या त्याला साल-कुसू सोपं आणि कोनाचा जोड नकोसा, फर्निचरवाल्याचं उलट. याउलट 'सुटा करता येतो का' हा रकाना जरूर ठेवा. घर दुरुस्तीला काढलेला माणूस सगळ्यात आधी हेच विचारतो.

'पाहिलेले' या टॅबमध्ये तो सांधा कुठे, कशात, कोणत्या लाकडात पाहिला याची नोंद असते. बाजेच्या ठाव्यात (पायात) बसणारं गातं (बाजूचं आडवं लाकूड), नांगराच्या खोडात पाचर ठोकून घट्ट केलेलं इसाड (लांब दांडा) आणि दाराच्या चौकटीचं कुसू हे तिन्ही एकाच घराण्यातले सांधे आहेत, हे आम्हाला ओळी एकाखाली एक आल्यावर दिसलं. गणपतीच्या वर टांगायच्या माटवीत पट्ट्या एकमेकींत अर्ध्या जाडीने बसवतात. फुलीचा अर्धा सांधा समजावताना आम्ही तोच फोटो लावला आहे, कारण इथल्या पोरांनी ती माटवी दरवर्षी उतरवून धुतलेली असते.

एकाच सांध्याला चार नावं असतील तर कोणतं लिहायचं?

चारही. या सगळ्या कामात आम्हाला सगळ्यात मोलाचं काही वाटत असेल तर ते हेच आहे.

पुस्तकात साल आणि कुसू असे शब्द सापडतात. प्रत्यक्षात त्या भोकाला कुणी साल म्हणतं, कुणी घर, तर मुंबईत काम करून आलेला 'होल' म्हणतो. कबुतराच्या शेपटीसारखा पसरणारा खाचेचा सांधा पुस्तकात डव्हटेल असतो, कामावर तो डोबटेल होतो. यातलं काहीही चूक नाही. हे सगळे शब्द कामाच्या जागी रोज बोलले जातात आणि त्यांनीच काम चालतं.

म्हणून नावं 'सांधे' टॅबच्या एका घरात स्वल्पविराम देऊन कोंबू नका. वेगळ्या टॅबमध्ये प्रत्येक नावाला स्वतःची ओळ द्या : सांध्याचा क्रमांक, नाव, कुठल्या भागात ऐकलं, कोणत्या साली ऐकलं. एका सांध्याची कितीही नावं असोत, क्रमांकाने ती जोडली जातात. पानावर ती सगळी दिसतात आणि शोधताना कोणतंही टाकलं तरी तेच पान उघडतं. मुख्य नाव फक्त मथळ्यापुरतं. ते निवडताना आम्ही आपल्या भागात ज्यावर जास्त मेस्त्री 'होय' म्हणतात ते घेतो, पुस्तकातलं नव्हे.

नाव विचारण्याचीही पद्धत असते. 'याला काय म्हणतात?' असं थेट विचारलं की समोरचा शहरी शब्द सांगतो, कारण त्याला वाटतं तुम्हाला तोच हवाय. मी आता काही विचारत नाही. तुकडा हातात देतो आणि तो कसा करायचा ते पोराला सांगायला लावतो. खरा शब्द त्यात आपोआप येतो. मालवणकडचे एक मेस्त्री माझी वही बघून म्हणाले होते, ''ह्यां कागदार काय लिवतंस? हातात घेवन बघ.'' त्या दिवसापासून मी वही नंतर उघडतो.

मापं इंचात ठेवायची, सुतात की मिलिमीटरमध्ये?

बोलताना सूत, साठवताना मिलिमीटर. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. मेस्त्री 'दीड सूत सोड' म्हणतात, प्लायवूडच्या दुकानात मात्र जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. शीटमध्ये एकाच रकान्यात मिलिमीटर लिहा आणि पान तयार होताना स्क्रिप्टला (पानं बनवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) सूत काढू द्या. दोन्ही मापं हाताने भरली तर कधीतरी एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं.

प्रमाणं मात्र प्रमाण म्हणूनच ठेवा. कुसूची जाडी लाकडाच्या साधारण एक तृतीयांश असते, म्हणजे तीन इंच जाडीच्या चौकटीला एक इंच, आठ सूत. डव्हटेलचा उतार मऊ लाकडात १:६ आणि कठीण लाकडात १:८ असा धरतात. लाकूड बदललं तरी नियम तोच राहतो, म्हणून नियम साठवायचा. उदाहरणाची मापं त्यातून काढता येतात.

प्रमाण १/३ लिहिलं की शीट त्याची तारीख करते. काय करावं?

आमचा एक अख्खा रकाना असाच गेला. १/३ ची १ मार्च झाली, १/२ ची १ फेब्रुवारी. पडद्यावर घाईत ते लक्षात आलं नाही, कारण रकाना अरुंद होता. महिनाभराने साईटवर 'कुसूची जाडी : ०१-मार्च' असं वाचून एका शिक्षकांनी कळवलं. तोवर घरात फक्त तारीख उरली होती. तो रकाना नंतर मजकूर करून उपयोग होत नाही, कारण शीटच्या आत तारीख म्हणजे एक आकडा असतो. १ मार्च २०२४ असेल तर ४५३५२. माझ्याकडे हाताने लिहिलेली वही होती म्हणून पुन्हा भरता आलं.

हे मोठ्या मोठ्या लोकांनाही भोवलं आहे. मानवी जनुकांपैकी काहींची छोटी नावं मार्च-१, सेप्ट-१ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. शेवटी २०२० मध्ये नामकरण समितीने जनुकांचीच नावं बदलली.

उपाय दोन. ओळी भरण्याआधी तो रकाना 'साधा मजकूर' करून ठेवा. त्याहून पक्का उपाय म्हणजे अंश आणि छेद यांना वेगवेगळे रकाने द्या, आम्ही आता तसंच करतो.

शीटची पानं होतात कशी? प्रोग्रामिंग यायला हवं का?

थोडं. शीट सीएसव्ही म्हणून उतरवायची. ती साधी मजकुराची फाईल असते, ओळीला ओळ आणि मध्ये स्वल्पविराम. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक छोटी स्क्रिप्ट ती वाचते, क्रमांकावरून चारही टॅब जुळवते आणि एका साच्यात माहिती ओतून प्रत्येक सांध्याचं एचटीएमएल पान बनवते. त्याच दमात 'दारं-खिडक्या', 'छप्पर', 'फर्निचर' अशी यादीची पानंही होतात. तयार पानं कुठल्याही सर्व्हरवर चढवली की झालं. मागे डेटाबेस चालू ठेवावा लागत नाही. स्वतः स्क्रिप्ट लिहायची नसेल तर ह्यूगोसारखी साईट बनवणारी तयार साधनं सीएसव्ही वाचतात.

ओळी स्वल्पविरामावर हाताने तोडू नका. वर्णनात स्वल्पविराम येतोच आणि मग प्रमाण अवजारांच्या रकान्यात जाऊन बसतं. सीएसव्ही वाचण्याची सोय पायथनमध्ये मुळातच आहे, ती अवतरणचिन्हांसकट सगळं नीट सांभाळते.

सगळ्यात जास्त वेळ तपासणीवर घालवा. आमची स्क्रिप्ट पान बनवायच्या आधी बघते : क्रमांक दोनदा आलाय का, 'नावे' टॅबमधला क्रमांक 'सांधे' टॅबमध्ये आहे का, प्रत्येक सांध्याचं चित्र आहे का. काही चुकलं तर ओळ सांगून थांबते आणि जुनी साईट तशीच राहते.

देवनागरीमुळे काही अडतं का?

अडतं, पण सगळ्या अडचणी सुटण्यासारख्या आहेत.

पहिली, सीएसव्ही यूटीएफ-८ मध्येच (सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीत) साठवा. ती थेट एक्सेलमध्ये उघडली तर मराठीच्या जागी भलतीच चिन्हं दिसू शकतात. फाईलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण घातली की ती नीट दिसते. पण मग तीच खूण स्क्रिप्टला पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटलेली दिसते आणि 'क्रमांक हा रकाना नाही' अशी तक्रार येते. पायथनला फाईल उघडताना ती खूण गाळायला सांगता येतं. या एका गोष्टीत आमची एक संध्याकाळ गेली होती.

दुसरी, दिसायला सारखं पण आतून वेगळं. 'ॲंगल' मधला ॲ काही कीबोर्ड एका अक्षराने लिहितात, काही अ वर चंद्र ठेवून. 'कोपऱ्याचा सांधा' मधला ऱ्या सुद्धा दोन रीतींनी लिहिला जातो. डोळ्यांना फरक नाही, शोधाला आहे. आम्ही स्क्रिप्टमध्ये दोन्ही एकाच रूपात आणतो. शोधापुरतं ऱ्हस्व-दीर्घही सपाट करतो, म्हणजे 'कुसु' लिहिणाऱ्यालाही कुसू सापडतं. शुद्धलेखनामुळे कुणी रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

तिसरी, अकारविल्हे. संगणकाच्या साध्या क्रमात ळ हा ल नंतर येतो, आपल्या वर्णमालेत ह नंतर. ब्राउझरला भाषा मराठी सांगून यादी लावली की क्रम बरोबर येतो.

चौथी, पानाचा पत्ता. पत्त्यात देवनागरी चालते, पण व्हॉट्सॲपवर पाठवताना एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होऊ शकतात. 'साल-कुसू' एवढ्याचीच चौसष्ट होतात. म्हणून पत्त्यात आम्ही रोमन अक्षरांतला छोटा क्रमांक ठेवला.

जुन्या नोट्स श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाईप केलेल्या असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, मगच शीटमध्ये चिकटवा.

फोटो चांगला की रेखाटन?

दोन्ही हवेत, पण एकच जमणार असेल तर रेखाटन. फोटोत सांध्याचं तोंड दिसतं, पोट दिसत नाही. साल-कुसू आणि फुलीचा अर्धा सांधा यांची रेखाटनं आम्ही शीटमधल्या मापांवरूनच एसव्हीजी (आकड्यांवरून रेषा काढणाऱ्या चित्राच्या) स्वरूपात काढून घेतो. प्रमाण बदललं की चित्रही बदलतं आणि एकेक फाईल काही केबींची असते. डव्हटेल आणि लांबीचे तिरके जोड अजून हाताने काढतो. फोटो १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या स्वरूपात ठेवा, नाहीतर खाडीपलीकडच्या गावात पान उघडतच नाही. फोटोत पट्टी ठेवायला विसरू नका. नाणं नको, पट्टीच.

लाकडाचा वेगळा टॅब कशाला? सांधा तर सगळीकडे सारखाच.

कोकणात सारखा राहत नाही. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात सहज लागणारं दार जुलैत आवळतं.

हिशेबच मांडून बघा. ओलं सागाचं लाकूड पूर्ण सुकताना वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडे सुमारे २.५ टक्के. लांबीत जवळजवळ काहीच नाही. बारा इंच रुंदीची साधी चिरलेली सागाची फळी घेतली आणि तिच्यातला ओलावा सहा टक्क्यांनी वाढला, तर ती साधारण एक सूत फुगते. त्याच झाडाची गाभ्याच्या दिशेने चिरलेली फळी निम्म्याहून कमी. म्हणून दाराच्या आतली फळी चौकटीच्या खोबणीत मोकळी सोडायची, तिला सरस लावायचा नाही. उन्हाळ्यात केलेल्या कामात खोबणीत जागा ठेवायची, भर पावसात केलेल्या कामात फळी जवळजवळ भिडवली तरी चालते, कारण पुढे ती आकसणारच आहे. हे मेस्त्रींना हिशेबाशिवाय माहीत असतं. मुंबईहून तयार दारं आणवणाऱ्याला माहीत नसतं, आणि पहिल्याच पावसाळ्यात तो दाराच्या कडा रंधून घेतो. मग दिवाळीनंतर फट पडते.

या टॅबमध्ये साग, फणस, शिवण, ऐन, किंजळ, आंबा अशी लाकडं आहेत. स्थानिक नावाबरोबर शास्त्रीय नावही लिहा, कारण स्थानिक नावं तालुक्यागणिक सरकतात. ओळख पटत नसेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचं महाविद्यालय आहे, तिथे विचारता येतं.

होड्यांचे सांधेही यात घ्यावेत का?

घ्या, पण वेगळ्या गटात. घराचा सांधा वजन पेलतो, होडीचा पाणी अडवतो. फळीला फळी भिडवून मधल्या फटीत कापूस ठोकून भरणं याला घराच्या रकान्यांत जागाच नाही. त्याच्याही आधीची रीत फळ्या काथ्याच्या दोरीने शिवण्याची. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून तसं बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. विजयदुर्गपासून वाघोटन खाडीच्या काठाने जुनी होडीकामाची माणसं अजून भेटतात. त्यांच्याकडे जायचं असेल तर नारळी पौर्णिमेच्या आधी जा. होड्या तेव्हा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात.

खर्च किती?

पानं ठेवायला गिटहब पेजेस पुरतं. एक जीबीपर्यंतची साईट तिथे फुकट राहते. स्वतःचं नाव हवं असेल तर डोमेनचे दरवर्षीचे पैसे. खरा खर्च एसटीचा आणि वेळेचा.

नेट नसलेल्या ठिकाणी कसं वापरायचं?

प्रत्येक पान ए-४ कागदाच्या एका बाजूवर छापता येईल असं केलं आहे. कामाच्या जागी भुश्यात फोन कुणी काढत नाही, कागद भिंतीला लावता येतो.

मेस्त्रींची परवानगी कशी घेता? श्रेय कुणाचं?

फोटो काढण्याआधी विचारतो आणि पान तयार झालं की छापून नेऊन दाखवतो. नाव द्यायचं की नाही हे तेच ठरवतात. काहींना फक्त गावाचं नाव चालतं. साईटवरचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए परवान्याखाली आहे, म्हणजे कुणीही वापरावा, श्रेय द्यावं आणि आपली भरही तशीच खुली ठेवावी. शीटही उतरवून घेता येते. तुमच्या तालुक्याची वेगळी साईट करायची असेल तर आमचे रकाने तसेच उचला.

नावच माहीत नसलेला सांधा सापडला तर?

ओळ भरा, नावाचं घर रिकामं ठेवा. देवगडकडच्या एका पडवीत दोन वासे लांबीत जोडलेले पाहिले. तिरका काप, दोन्ही टोकांना उलटी खाच, मधोमध आडवी पाचर. पाचर काढली की सांधा हाताने सुटतो, ठोकली की ओढूनही सुटत नाही. घरमालकांना त्याचं नाव माहीत नव्हतं आणि तो करणारे मेस्त्री हयात नाहीत. सां-०५२ या पानाच्या मथळ्यात नावाच्या जागी अजून एक आडवी रेघ आहे. त्याचं रेखाटन छापून मी पिशवीत ठेवलंय. नवीन मेस्त्री भेटले की चहा येईपर्यंत ते त्यांच्यासमोर ठेवतो.